खुर्चीचा डुगडुगता पाय

वस्तू बोलायच्या पण माणसं ऐकायची नाहीत, तेव्हाची गोष्ट. वसुधाबाईंनी जुन्या बाजारातून सागवानी खुर्ची आणली. मुलीला बघायला पाहुणे येणार, म्हणून बाई लगेच निळा रंग घेऊन बसल्या.

"अहो, माझा मागचा पाय डुगडुगतोय, तो आधी ठोका!" खुर्ची ओरडली.

"पायाकडे बघतंय कोण?" ब्रश म्हणाला. "रंग बघ कसा खुललाय!"

"तीन घरांत तीन रंग फासले, पण मेल्यांनी पायाला हात म्हणून लावला नाही!"

पाहुणे आले. मुलाचे मामा ऐटीत खुर्चीवर बसले आणि धाडकन आपटले.

"मेलीनं घात केला!" म्हणत वसुधाबाईंनी खुर्ची परत बाजारात धाडली. दुकानदाराने निखळलेला पाय तसाच खोचून ठेवला.

दुसऱ्या दिवशी एक बाई थबकल्या. "खुर्ची झकास आहे हो! फक्त रंग तेवढा बदलायला हवा."