बोटलिंबाची माळीण

सांगतो. मधे कुणी बोललं तर उठून जाईन. गुडघे दुखतायत माझे, आणि तुम्हाला गोष्ट हवी.

एका राज्यात हवा अशी दमट, की बरणीतलं मीठ पाघळायचं. तिथल्या राजानं एका मांत्रिकाला दारातून हाकललं. मांत्रिकानं जाताना अंगणात काटेरी रोप लावलं.

"हे बोटलिंबू. एक फळ सडलं की माळ्याच्या घरातलं एक बोट जाईल. एक फळ पिकलं की शाप फिटेल." एवढं बोलून तो धूर झाला.

राजवाड्याची रीत अशी, की झाडापुढून जाणाऱ्यानं लोटाभर पाणी घालायचं. राजा घाली, राणी घाली, दिवाण तर दोनदा घाली. झाड कायम चिखलात. बोटांसारखी लांबट फळं धरायची, काळी पडून गळायची. गिरजा माळणीच्या लेकीची, सगुणेची, आठ बोटं गेली. रक्त नाही, दुखणं नाही. सकाळी बघावं तर बोटाची जागा गुळगुळीत.

गिरजा झाडाखाली बसली होती. फांदीवरचा भारद्वाज म्हणाला, "बाई, तीन कामं कर."

"सांगा."

"झाड खडीच्या उंचवट्यावर लाव. मधल्या फांद्या छाट, वारा आरपार जाऊ दे. आणि माती बोटभर खोल सुकेपर्यंत पाणी देऊ नकोस, झाडानं मागितलं तरी."

"झाड मागतं?"

"तुझ्या लेकीच्या आवाजात."

पहिलं काम झालं. दुसऱ्यात काट्यांनी तिचे हात कोपरापर्यंत फाडले. छाटलेल्या फांद्या जमिनीवर मुठी आवळत होत्या. तिनं त्या टोपलीत भरल्या.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी झाड बोललं, "आई, घसा सुकला गं."

राजा लोटा घेऊन धावला. "दगडाच्या काळजाची आहेस. सर बाजूला."

"महाराज, पुढे आलात तर तोच लोटा टाळक्यात घालीन."

राजा थांबला.

"आई, मी मेले गं."

गिरजा खाली वाकली. तिनं मातीत बोट खुपसलं. ओल होती. ती हलली नाही. दिवस कलताना बोट कोरडं निघालं, तेव्हा तिनं एक ओंजळ घातली. झाड गप्प झालं.

महिन्यानं एक फळ पिकून तडकलं. आतून गुलाबी दाणे मोत्यांसारखे ओघळले. गिरजा घराकडे पळाली. सगुणा दाराशी बसून दोन्ही हातांनी वेणी घालत होती. नवी नखं तेवढी हिरवी होती, ती हिरवीच राहिली.

राजानं लोट्याची रीत मोडली आणि झाड गिरजाच्या हवाली केलं.

झाली गोष्ट. हिला थाप म्हणणाऱ्या सखा घाड्यानं अजून माझी माफी मागितलेली नाही.