कालचा स्लॅब

आमच्या शाळेच्या संगणकांत दोनदा व्हायरस शिरला आणि दोन्ही वेळा आमचे दहावीचे प्रकल्प पुसले गेले. तिसऱ्यांदा तसं झालं, तर संगणक कक्षाला कायमचं कुलूप लागणार होतं. राखणीसाठी संगणक शिकवणाऱ्या निसळबाईंनी बाहेरचे हल्ले अडवणारं, फुकट मिळणारं एक फायरवॉल निवडलं. ते ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतं, तिची गेल्या वर्षीची आवृत्ती बाई त्याच्याखाली घालणार होत्या.

संस्थेचे अध्यक्ष गव्हाणेसाहेब इमारतींचे ठेकेदार. ते आम्हा सगळ्यांसमोर गरजले, "बाई, परवाच नवी आवृत्ती आलीय. पोरांच्या गळ्यात जुनी कशाला मारता? नवीच घाला!"

"साहेब, नवीवर हे फायरवॉल अजून पुरतं तपासलेलं नाही, असं बनवणारेच सांगतात."

"नवं ते मजबूतच असतं! माझा शब्द शेवटचा."

आता सगळं संपलं, असं वाटून आम्ही माना खाली घातल्या.

बाई खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाल्या, "नव्या वर्गाचा स्लॅब तुम्ही कालच ओतलात ना? मग खालचे टेकू आजच काढा. दहावीला तिथंच बसवते."

"वेड लागलंय का? अहो, एकवीस दिवस तरी..." साहेब मध्येच थांबले. मग त्यांनी मुकाट्यानं गेल्या वर्षीच्या आवृत्तीवर सही केली.

आमचे पुसलेले प्रकल्प मात्र कुठल्याच आवृत्तीत परत येणार नव्हते.