चंदी कोंबडीच्या रक्तातली चरबी

डोंगराच्या पायथ्याशी एक मोठं खुराडं होतं. ते स्वतःला राज्य म्हणवून घेई, आणि कुणी हरकत घेतली नव्हती, त्यामुळे ते राज्यच होतं. तुरेराव नावाचा कोंबडा तिथे राज्य करी. घरटी एक अंडं, असं वचन त्याने निवडणुकीत दिलं होतं. ते कोंबड्यांनी पूर्ण केलं. त्यामुळे तुरेराव पुन्हा निवडून आला.

एके दिवशी ज्वारीचं कोठार रिकामं सापडलं. किल्ली कोठारमंत्री भोपळे यांच्याकडे असे. भोपळे हे ब्रॉयलर. सहा आठवड्यांत ते इतके भरले होते की उठून उभं राहायला त्यांना दोन कारकून लागत. "भोपळ्यांवर संशय म्हणजे राज्यावर संशय," असं म्हणून तुरेरावाने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष डॉ. बगळे. पांढरे आणि एका पायावर उभे, म्हणून निःपक्षपाती.

बगळ्यांनी प्रकरण शास्त्रीय केलं. ज्वारी ज्याने खाल्ली, चरबी त्याच्याच अंगात असणार. तेव्हा सगळ्यांचं रक्त तपासायचं आणि जात, लिंग यांनुसार तक्ता करायचा. तक्ता म्हटल्याबरोबर कडकनाथांनी मोर्चा काढला: आमचं रक्त वेगळं, आमचा रकाना वेगळा. रकाना मिळाला. ज्वारीचं कुणी विचारलं नाही.

निकाल लागला. सगळे कोंबडे स्वच्छ. भोपळे स्वच्छ. सर्वांत जास्त चरबी निघाली ती चंदी नावाच्या गावरान कोंबडीच्या रक्तात. तिला आयोगापुढे उभं केलं.

"सायेब, मी अंड्यावर हाय," चंदी म्हणाली. "बलक काय हवेतनं हुतो व्हय? त्याची चरबी रक्तातनंच जाती. कोंबड्यांची कशी वाढंल? त्यास्नी कुठं काय घालायचंय?"

"कोणी काय घालावं हा धोरणाचा प्रश्न आहे," बगळे म्हणाले.

"मग भोपळेसायबांचं प्वाट बघा की. त्यांची रक्तात न्हाई, तिथं साठलीया."

"पोट ही खासगी बाब आहे, बाई."

बोलता बोलता चंदीने सवयीने तिथेच अंडं घातलं. लगेच पंचनामा झाला. फोडलं तर आत पिवळंधमक. मुद्देमाल हाती लागल्याची बातमी बाहेर गेली. पंचांनी तो मीठमिरी लावून तपासला आणि 'चव संशयास्पद' असा शेरा मारला.

संध्याकाळी तुरेरावाने सभा घेतली.

"बंधुभगिनींनो, आणि विशेषतः बंधूंनो, आपली ज्वारी पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या अंगात मुरत होती, ते आज रक्त बोललं आहे. मला सांगा, मी आजवर एक तरी अंडं घातलं?"

"नाही," सभा एका आवाजात म्हणाली. कित्येक कोंबड्यांचे डोळे पाणावले.

पुढे बगळ्यांचं मत पडलं की नुसतं रक्त पुरावा म्हणून टिकणार नाही, मांसातली चरबीही मोजायला हवी. मंत्र्यांची तपासणी रक्तावर आणि रयतेची मांसावर व्हावी, अशी तरतूद त्याच दिवशी झाली.

"लई येळ लागंल का?" चंदीने विचारलं. "माझी आठ अंडी उबवायची ऱ्हायल्यात."

"तपासणीला वेळ लागत नाही," बगळे म्हणाले. "अहवालाला लागतो."

पंधरा दिवसांनी अहवाल आला. चंदीच्या मांसातली चरबी तिच्या जातीच्या, तिच्या वयाच्या मादीत असावी तेवढीच होती. सबब तिला निर्दोष ठरवून सन्मानाने मुक्त करण्यात आलं. प्रमाणपत्र पिसांच्या ढिगावर ठेवून कारकून निघून गेला.

बाकीच्या कोंबड्यांनी ते वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून अंडी घालणं बंद केलं. राज्यभरात रक्तातली चरबी भराभर उतरली. तुरेरावाने राज्य भ्रष्टाचारमुक्त झाल्याचं जाहीर केलं आणि बगळ्यांना राज्यपाल नेमलं.

कोठारात नव्याने भरलेली ज्वारी अजूनही कमी होते. पण कुणाच्याच रक्तात काही सापडत नाही, त्यामुळे ती कमी होते असं म्हणायला सध्या बंदी आहे.