ठकुबाईची धाव

फार वर्षांपूर्वी, खैरदऱ्यात सगळ्या गावाला मिळून एकच विहीर होती, तेव्हाची ही गोष्ट. गावात ठकुबाई गुरवीण राहायची. देवाला फूल तीच वाहायची आणि लग्नाच्या मुंडावळ्याही तीच गुंफायची. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर. ती वाटेनं निघाली की कुत्रीसुद्धा बाजूला होत, असं म्हणतात.

एका साली रंगराव इनामदारानं आपल्या लेकीचं, सुंद्राचं लग्न वैशाखात काढलं. भावकीतल्या एका लग्नात माघात मांडव शेवंतीनं भरला होता, म्हणून यालाही शेवंतीच हवी. भर वैशाखात! ठकुबाई म्हणाली, "हे दिवस कुड्याचे नि बहाव्याचे हायेत. त्याच्याच मुंडावळ्या करते."

"रानातला पाला माझ्या लेकीच्या कपाळाला?" इनामदार हसला. त्यानं परगावाहून रोपं आणवली आणि विहिरीवर दिवसभर मोट लावली. बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या, आणि पाणी चाललंय शेवंतीच्या मुळाशी. माणसाला लाज म्हणून काही असते, ती याला नव्हती.

ठकुबाईची सून नुकतीच बाळंत झाली होती. नातवाला न्हाऊ घालायला ठकुबाई तांब्याभर पाणी मागायला गेली. मोटेवरचा भिवा मान खाली घालून म्हणाला, "शेवंतीचं झाल्याव देतो, आत्या."

ठकुबाईनं तांब्या दगडावर आपटला. मोटेचे बैल ज्या उतारावरून ये-जा करतात, त्या धावेवर ती आडवी झाली. "हाक आता बैल माझ्यावरनं."

इनामदारानं स्वतः आसूड ओढला. बैलांनी पाय उचलला नाही. उलट ते तिला सावली करून उभे राहिले, ते थेट लग्नाच्या दिवसापर्यंत, असं म्हणतात. इकडं बायांनी दोरानं घागरी भरल्या, तिकडं शेवंती करपून गेली.

लग्नाच्या सकाळी वऱ्हाड दारात आणि नवरीचं कपाळ मोकळं. शेवटी सुंद्रा स्वतःच धावेवर आली. "आत्या, मला तुमच्या रानातल्याच बांधा."

ठकुबाई उठली, पण राग उतरला नव्हता. टेकडीवरचा बहावा त्या साली अजून फुलला नव्हता. तिनं टेकडी चढून त्याच्या बुंध्यावर चापट मारली. "तुलाबी शेवंतीचं झाल्याव फुलायचंय व्हय?"

बहावा तिथल्या तिथं शेंड्यापर्यंत पिवळाधमक झाला, असं म्हणतात. इनामदारानं त्याच फुलांच्या मुंडावळ्यांवर खालमानेनं अक्षता टाकल्या. ठकुबाईनं त्याला कधी माफ केलं नाही. का करावं?

खैरदऱ्यात आजही लग्नाच्या दिवशी पहिली घागर तान्ह्या बाळाच्या घरी जाते. मग गावातली सगळ्यात रागीट बाई मांडवाच्या दारात आडवी होते आणि विचारते, "फूल कुठलं? पाणी पोरांना पुरलं का?" नीट उत्तर मिळाल्याशिवाय ती उठत नाही. गेल्या वैशाखात एका घरी शहरातून टेम्पोभर फुलं आली. दारात आडवी झालेली म्हातारी हलली नाही. नवरदेव घोड्यावर उन्हात ताटकळला, आणि नवरीचा बाप टोपली घेऊन बहाव्याकडं पळाला.