चूलबंद आवतण

नदीच्या वळणावर एक गाव होतं. गावाला काही कळवायचं असलं, की लिंबा हलगी वाजवत दवंडी देई. लिंबाचं घर गावकुसाबाहेरच्या आळीत. त्या आळीतल्या माणसांना गाव शिवून घेत नसे, पण लिंबाच्या आवाजावाचून गावाचं पानही हलत नसे.

एका उन्हाळ्यात लिंबा तापाने गेला. हलगी धाकट्या भावाच्या, सटवाच्या गळ्यात आली. सटवाला अक्षरओळख नव्हती. मनात आलं की तोंडातून गेलं, असा त्याचा स्वभाव. भावाचं दुःख अजून ओलं होतं. हलगीवर थाप पडली, की त्याला भावाचाच आवाज ऐकू येई.

सुतक फिटलं, आणि थोड्याच दिवसांत राजाला मुलगा झाला. राजाने हुकूम धाडला, गावोगाव जेवण घाला. देखरेखीला एक कारभारी आला. रंगराव पाटलांनी सटवाला बोलावून शब्द सांगितले, "उद्या दुपारी सगळ्या गावाला चूलबंद आवतण."

चूलबंद म्हणजे घरातल्या एकानेही मागे राहायचं नाही, आणि त्या दिवशी चूल पेटवायची नाही. लिंबा जन्मभर हेच शब्द ओरडला होता. गावजेवणाच्या दिवशी मात्र तो आणि त्याची आळी गावकुसाच्या भिंतीलगत उन्हात बसून राही. पंगती उठल्या, की उरलंसुरलं त्यांच्या फडक्यात पडे.

सटवा विचारात पडला. जे आवतण देता देता दादाचा घसा सुकला, ते दादालाच कधी का मिळालं नाही?

"पाटील, सगळ्या गावात आमची आळी येते का हो?"

पाटील हसले. "तुझ्या भावाने विचारलं होतं का कधी?"

"नाही. म्हणून तर मला विचारावं लागतंय."

"जा, हलगी वाजव. जास्त डोकं चालवू नकोस."

हे काही उत्तर नव्हतं. वाटेत सटवाने पुजाऱ्याला विचारलं. पुजारी म्हणाला, "रीत आहे बाबा." रीत कोणी घातली? पुजाऱ्याला ठाऊक नव्हतं. त्याने गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे बोट दाखवलं. म्हातारा म्हणाला, "मी जन्मलो तेव्हा होतीच की." सटवाला मोठं नवल वाटलं. पाळतात सगळे, आणि घातली कोणी, हे एकालाही सांगता येत नाही.

त्याने गावभर दवंडी दिली. मग आपल्या आळीतही दिली. तेच शब्द, तोच सूर.

वहिनी दारात आली. "भावजी, चेष्टा करताय का गरिबाची?"

"राजाचा हुकूम आहे वैनी. उद्या चूल पेटवू नका."

दुसऱ्या दिवशी आळीत धूर निघाला नाही. दुपारी पोरंबाळं घेऊन माणसं मांडवाशी आली. पाटील आडवे झाले. "सटव्या, हलगी काढून घेईन. यांना भिंतीकडे ने."

आळीतल्या एकाही घरात शिजवलेला कण नव्हता. सटवाची जीभ मात्र थांबेना. "नेतो पाटील. दवंडीच चुकली म्हणायची. दुरुस्त करून पुन्हा गावभर फिरतो. 'राजाच्या मुलाच्या नावाने सगळ्या गावाला जेवण, बाहेरची आळी सोडून.' असंच ओरडायचं ना?" आणि त्याने हलगी सावरली.

मांडवाच्या खांबाशी कारभारी उभा होता. त्याने सटवाकडे मान वळवली. पाटलांनी पुजाऱ्याकडे पाहिलं. पुजाऱ्याने समोरच्या पत्रावळीकडे पाहिलं. जे सगळे पिढ्यान्पिढ्या करत आले होते, ते मोठ्याने म्हणायला एकाचीही जीभ उचलेना.

"पाटील, ओरडू का?"

"गप बस," पाटील पुटपुटले, आणि बाजूला झाले.

काही माणसं पानावरून उठून गेली. बरीच बसून राहिली. कारभाऱ्याने ही हकीकत दरबारात सांगितली, आणि पुढे राजाने कायदाच केला, की 'सगळे' या शब्दातून कोणालाही वगळायचं नाही. वगळेल त्याला शिक्षा. पण ते नंतरचं. त्या दुपारी आळी पहिल्यांदाच पंगतीत बसली होती, आणि पानात वाफाळता भात होता.

वहिनीने आमटीचा भुरका घेतला. उरलंसुरलं खाणाऱ्याला चवीबद्दल बोलायची सोय नसते. ती क्षणभर घुटमळली. मग वाढप्याला म्हणाली, "दादा, मीठ कमी पडलंय."

वाढपी थबकला. "आणतो," म्हणाला, आणि मीठ आणायला वळला.

तात्पर्य: 'सगळ्यांना' एवढं म्हटल्याने हक्क सगळ्यांपर्यंत पोचत नाही. 'सगळे म्हणजे कोण?' हे कोणीतरी विचारायला हवं, आणि त्याचं उत्तर कायद्यात स्पष्ट लिहावं लागतं.