दोन ध्रुवांवरच्या बहिणी

पृथ्वी नुकतीच दोन्ही लेकींची लग्नं उरकून मोकळी झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. थोरली उदीची उत्तर ध्रुवावर नांदायला गेली, धाकटी अवाची दक्षिण ध्रुवावर. दोघी नुसत्या उजेडाच्या, ध्रुवांवरच्या रात्रीच्या आकाशात झळकणाऱ्या. पाठवणीच्या वेळी आईने एकाच अदृश्य दोऱ्याची दोन टोकं दोघींच्या हाती दिली. सूर्याकडचा वारा आला, की दोघींनी आपापली हिरवी लुगडी बरोबर समोरासमोर उलगडायची, असं ठरलं. तेवढंच माहेर.

एकदा, दरवर्षी एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे ये-जा करणारा सुरय पक्षी दक्षिणेहून आला आणि म्हणाला, "उदीचीबाई, तुमचं लुगडं संध्याकाळच्या अंगाला सरकलंय, धाकटीचं पहाटेच्या. बिनसलं वाटतं?"

उदीचीला ते झोंबलं. तिने दोऱ्याला हिसका देऊन त्यातूनच विचारलं, "अवाची, सासर मिळालं आणि जागा सोडलीस?"

"मी? तूच सरकलीस, ताई!"

"मग हा दोराच सोडते."

"सोड की!"

उदीचीने बोटं सैल केली, तोच वारा आला. रागाने तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याने सूर्याचं चुंबकत्व सोबत आणलं होतं, तेही तिरपं. त्यामुळे दोऱ्याला पीळ बसला आणि तिचा पदर संध्याकाळकडे ओढला गेला.

"अवाची, तुझा पदर आत्ता पहाटेकडे गेला का गं?"

"हो! तुला कसं कळलं?"

उदीचीने दोरा घट्ट धरला. "माझा उलट्या बाजूला गेला. आपण जागेवरच आहोत, सूर्याकडचा हा पाहुणाच वाकडा येतो."

"मग सांगू या त्याला, सरळ ये म्हणून?"

"सूर्याच्या घरच्यांना आजवर कुणी सरळ केलंय?" उदीची हसली आणि तिने पदर जाईल तिकडे जाऊ दिला.