रोनतची तिवई

दूर पश्चिमेच्या समुद्रात एक बेट आहे. तिथं ऊन पाहुण्यासारखं येतं आणि पाऊस घरच्यासारखा राहतो. त्या बेटावर ग्लासमोन नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या राजांची नावं विचारलीत तर लोक डोकं खाजवतील. पण रोनत कोण, असं विचारा, शेंबडं पोरही सांगेल. तिला जाऊन दोन हजार वर्षं झाली म्हणतात, थोडी कमी-जास्त. तेव्हा तिथं लिहिणारं कुणी नव्हतं, म्हणून तिची गोष्ट तोंडातोंडी आली. मीही तशीच सांगतो. मात्र मध्येच कुणी "हे खरं का हो?" असं विचारायचं नाही. शेवटी विचारा.

त्या काळी ग्लासमोनचे लोक गाईंवर जगायचे. शेतं थोडी, गाई पुष्कळ. माणसाची ऐपत गाईंवरून ठरायची, सोयरिकी गाईंवरून जुळायच्या आणि भांडणंही गाईंवरूनच व्हायची. उन्हाळ्यात लोणी ठेवायला जागा पुरायची नाही आणि हिवाळ्यात बोटभर मिळायची मारामार. गावाच्या खालच्या अंगाला मोठी दलदल होती, काळी आणि थंड. तिची माती कापून वाळवली की चुलीत जळते, आणि तिच्यात पुरलेली वस्तू कुजत नाही. म्हणून लोक उन्हाळ्याचं लोणी लाकडी बुधल्यांत भरून दलदलीत पुरायचे आणि हिवाळ्यात काढून खायचे.

हे पुरण्या-काढण्याचं काम रोनतकडे होतं, तिच्या आधी तिच्या आईकडे होतं. झाकण लावण्यापूर्वी ती प्रत्येक बुधल्यात रानलसणाची पात घालायची. त्यामुळे तिच्या लोण्याला एक उग्र वास यायचा, आणि तो वास आला की पोरं समजायची, आज पोटभर मिळणार. तिचा नियम एकच होता. पुरताना बुधला ज्याचा त्याचा, काढताना सगळ्यांचा. ज्या घरात मूल भुकेनं रडतंय त्या घरी आधी. एकानं कुरकुर केली, की माझं लोणी माझ्या घरी का नाही? तेव्हा ती म्हणाली, "दलदलीला कुठं ठाऊक आहे कुणाचं कोणतं ते?"

त्या लोकांत आणखी एक रीत होती. मोठ्या घरचं मूल लहानपणी दुसऱ्याच्या घरी वाढायला द्यायचे. गावच्या नायकानं आपला मुलगा ब्रेसल रोनतला दिला. रोनतची स्वतःची मुलं जगली नव्हती. तिनं त्याला पोटच्यासारखं वाढवलं. तो तिला माई म्हणायचा. ती दलदलीत निघाली की तिच्या शालीचं टोक धरून, तिच्या पावलांवर पाऊल ठेवून चालायचा. बुधला उघडला की पहिलं बोट त्याच्या तोंडात.

मग तो मोठा झाला, बाप वारला आणि तो टेकडीवरच्या घरी गेला. तिथं नायकाचं घर होतं, भोवती मातीचा गोल कोट होता आणि दारात दगडी फरशी होती. रोनत खालून त्याच्या चुलीचा धूर बघायची. धूर दिसला की तिला बरं वाटायचं.

असं म्हणतात, की एका वर्षी गुरांवर रोग आला. गोठेच्या गोठे ओस पडले. धारा काढायला बसायच्या तिवया कोपऱ्यात धूळ खात पडल्या. आता सगळ्या गावाची भिस्त आदल्या उन्हाळ्यात पुरलेल्या लोण्यावर होती. त्यातच शेजारचा नायक चाल करून येणार अशी कुणकुण लागली. ब्रेसलकडे भालेकरी होते, त्यांना खाऊ घालायला काही नव्हतं. दलदलीतली वाट गावात दोघांनाच ठाऊक होती, एक रोनत आणि दुसरा तो. एका सकाळी तो माणसं घेऊन त्या वाटेनं गेला, एकूण एक बुधले उपसून काढले आणि आपल्या कोठारात नेऊन ठेवले.

गाव खवळलं. तरुण पोरं कोयते-कुऱ्हाडी काढून बसली. रोनत म्हणाली, "तुम्ही मराल, ते मरतील आणि लोणी जागच्या जागी राहील. मला जाऊ द्या." तिनं कोपऱ्यातली आपली तिवई उचलली, टेकडी चढली आणि ब्रेसलच्या दारात, फरशीवर तिवई ठेवून बसली.

आपल्याकडेही पूर्वी धरणं धरून बसायचे, तेव्हा हे समजायला तुम्हाला जड जाऊ नये. ज्याच्यावर अन्याय झाला तो अन्याय करणाऱ्याच्या दारात उपाशी बसायचा. तो बसलेला असेपर्यंत घरधन्यानं अन्नाला शिवायचं नाही. न्याय द्यायचा, नाहीतर त्याच्याबरोबर उपाशी राहायचं. आणि जो दारात उपाशी माणूस ठेवून आत जेवला तो मेल्यात जमा. मग तो नायक असो की आणखी कुणी, त्याचा हुकूम मानायचा नाही आणि त्याला पाणीही द्यायचं नाही.

ब्रेसल बाहेर आला. म्हणाला, "म्हातारे, घरी जा. थंडी पडलीय."

"थंडी मलाही कळते. लोणी परत कर, जाते."

"मग भालेकऱ्यांना काय घालू? ते उपाशी राहिले तर शेजारचा येऊन कुणालाच जिवंत ठेवणार नाही."

"हे गावाला येऊन सांगायचं होतंस. वाटून खाल्लं असतं. चोरून का नेलंस?"

तो वळला. आत गेला आणि त्यानं चूल विझवायला सांगितलं. मनानं तो वाईट नव्हता, घाबरलेला होता. घाबरलेल्या नायकाइतका त्रास वाईट नायकही देत नाही, असं माझं मत आहे.

रोनत किती दिवस बसली, यावर ग्लासमोनमध्ये आजही वाद होतात, आपण त्यात पडायला नको. ब्रेसलच्या बायकोनं, लासरनं, तिला घोंगडी आणून दिली, ती तिनं घेतली. असं म्हणतात, की बर्फ पडलं ते तिच्या तिवईभोवती रिंगण सोडून पडलं. असं म्हणतात, की रोगातून वाचलेली एक गाय डोंगरावरून उतरून आली आणि तिच्या पाठीशी उभी राहून रात्रंदिवस तिच्यावर ऊन श्वास सोडत राहिली. आणि तिवईचे पाय हळूहळू फरशीच्या दगडात रुतत गेले, असंही म्हणतात.

रोज सकाळी ती विचारायची, "घरात कुणी जेवलं का?" आणि रोज ब्रेसल दारात येऊन सांगायचा, "आमच्या घरात अजून कुणी जेवलेलं नाही." ते खरं असायचं. तोही वाळत चालला होता.

मग एका पहाटे तो कोठारात गेला. उंदरांनी काही खाल्लंय का, एवढंच बघायला गेला होता. एका बुधल्याचं झाकण सैल झालं होतं. त्यानं ते उचललं आणि लसणाचा वास आला. त्याबरोबर धुरानं भरलेलं ते लहानसं घर आलं, शालीचं टोक आलं आणि तोंडाशी आलेलं माईचं बोट आलं. त्यानं एक बोट लोणी खाल्लं. भुकेनं नव्हे हो, आठवणीनं खाल्लं. पण कायद्याला हा फरक कळत नाही.

सकाळी कोटाच्या आत सगळं गाव जमलं होतं, भालेकरी उभे होते. रोनतचा आवाज खोल गेला होता. "घरात कुणी जेवलं का?" तिला ऐकू जावं म्हणून ब्रेसल अगदी तिच्या तोंडाशी वाकला आणि म्हणाला, "आमच्या घरात अजून कुणी जेवलेलं नाही."

लसणाचा वास लपत नाही. तो शेजारी उभ्या असलेल्या लासरला आला. पहिल्या भालेकऱ्याला आला. रोनतनं डोळे मिटले. पण पहिल्या भालेकऱ्यानं आपला भाला जमिनीत रोवला आणि तो बाजूला झाला. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. सगळे भाले बर्फात रोवलेले राहिले आणि ब्रेसलच्या पाठीशी कुणी उरलं नाही.

लोकांनी कोठार फोडलं, बुधले बाहेर काढले, पोरांच्या तोंडी आधी दिलं. मग ते ब्रेसलकडे वळले. त्याला बायकोमुलांसकट बर्फात हाकलायचं ठरलं. तेव्हा रोनत म्हणाली, "थांबा. काढताना लोणी सगळ्यांचं. हा सगळ्यांत नाही का?"

"आजी, त्यानं तुला फसवलं," एक जण म्हणाला.

"मला फसवलं ना? मग माझं मी बघते. त्याला वाढा. त्याला वाढल्याशिवाय मी घास घेणार नाही."

गाव तयार होईना. कायदा त्यांच्या बाजूनं होता आणि रागही रास्त होता. वाद दुपारपर्यंत चालला, आणि ती तिवईवरून उठली नाही. अखेर लासरच्या ओंजळीत, मुलांच्या ओंजळीत आणि सर्वांत शेवटी ब्रेसलच्या ओंजळीत लोणी पडलं. त्यानं ते खाल्लं नाही. गुडघे टेकून रोनतसमोर बसला आणि बोटावर लोणी घेऊन म्हणाला, "माई, आता तू."

ती ताठ बसलेली होती. डोळे मिटलेले होते. त्यानं बोट तिच्या ओठांना लावलं, ते ओठ हलले नाहीत.

असं म्हणतात, की त्याच दिवशी शेजारचा नायक माणसं घेऊन पलीकडच्या टेकडीपर्यंत आला. धुक्यातून त्याला बर्फात उभे भाले दिसले, रांगाच्या रांगा, एकही न हलणारा. एवढी फौज न हलता उभी आहे, हे बघून तो मागे फिरला. भाल्यांमागे कुणी नव्हतं. माणसं सगळी रोनतपाशी बसली होती.

तिच्या वाटणीचं लोणी ब्रेसलनं एका बुधल्यात भरलं, वर तीच जुनी लसणाची पात ठेवली आणि तिच्या वाटेनं जाऊन पुरलं. टेकडीवर तो पुन्हा राहिला नाही. रोनतच्या घरी राहू लागला, आणि म्हातारा होईपर्यंत गावाचं लोणी पुरायचं नि काढायचं काम त्यानं केलं. तो एक बुधला मात्र त्यानं कधी काढला नाही.

आता अलीकडचं सांगतो. काही वर्षांपूर्वी जुन्या वस्त्यांचं उत्खनन करणारी मंडळी त्या टेकडीवर आली. मातीचा कोट सापडला, चुलीची राख सापडली आणि दारातल्या फरशीत तीन लहान गोल खळगे सापडले, जवळजवळ, तिकोनी. गावकरी म्हणाले, बघा. त्यांच्यातल्या प्रमुख बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हे तिवईचे खळगे आहेत असं मला लिहिता येणार नाही. नाहीत असंही लिहिता येणार नाही." बुधला अजून कुणाला सापडलेला नाही. दलदलीची माती कापणारे एका जागी फावडं लावत नाहीत, आणि ती जागा नेमकी कोणती हे विचारलं तर प्रत्येक जण वेगळी दाखवतो.

दरवर्षी थंडीच्या तोंडावर, गुरं डोंगरावरून खाली येतात त्या दिवशी, ग्लासमोनमध्ये प्रत्येक दारात एक तिवई ठेवतात. ज्याचं त्या घराशी वाकडं असेल त्यानं येऊन तिच्यावर बसायचं. वाटसरूही बसू शकतो. मग घरधनी बाहेर येतो आणि बसलेल्याच्या तोंडाशी वाकून म्हणतो, "आमच्या घरात अजून कुणी जेवलेलं नाही." मग दोघं आत जातात आणि लसणाची पात घातलेलं लोणी भाकरीला लावून खातात. भांडण कधी मिटतं, कधी मिटत नाही. पण जेवण होतं.

हं, आता विचारा. खरं का? ते मला ठाऊक नाही. मी एकदा त्या दिवशी त्या गावात होतो. परका माणूस, कुणाशी वैर नाही, सहज एका तिवईवर टेकलो. आतून एक थकलेला शेतकरी आला, माझ्या तोंडाशी वाकला आणि ते वाक्य म्हणाला. त्याच्या तोंडाला दिवसभराच्या उपासाचा वास येत होता.